निरोगी मुलांचा खण

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले होते. हाडांमधलं त्यांना कळतं, म्हणून मी वाद घातला नाही. हे हॉस्पिटलात एक्स-रे काढतात. उभा जन्म त्यांनी लोकांना "श्वास घ्या, धरा, सोडा" सांगण्यात घालवला. मी त्याच रस्त्याच्या टोकाला दप्तरं, पिशव्या, चेन, पट्टे दुरुस्त करते. माझं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक बाक आणि माझं तोंड. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी अशी काही सुरू होते की ते दप्तर टाकून पळतं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं घ्यायला येतं. मनात एक आणि ओठांवर एक, असं मला कधी जमलं नाही. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

आम्हाला एक मुलगी होती. तिला सगळे मिरी म्हणायचे. एवढीशी, पण चावली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. उंचीनं ती माझ्यावर गेली होती, आणि माझी उंची म्हणजे मी उभी असले तरी लोकांना बसल्यासारखी वाटते. माझी नणंद दर वाढदिवसाला यायची आणि म्हणायची, "खाण तशी माती! या दोघींसाठी वेगळं फर्निचर करून घ्या रे." आम्ही हसायचो. मिरीही हसायची आणि मग टेबलाखालून आत्याच्या पोटरीला चिमटा काढायची. शाळेला निघाली की मागून नुसतं दप्तरच चाललंय असं वाटायचं. ते दप्तर मीच शिवलेलं, तिच्या पाठीला बेतून. तीन वर्षं तेच पुरलं. पट्टे एकदाही लांब करावे लागले नाहीत.

हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात एक पद्धत होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाडलेली. आता ते हयात नाहीत. मुलांच्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय सांगता येतं, हे मला लग्नानंतर कळलं. तान्ह्या बाळाच्या मनगटात हाडं दिसतच नाहीत म्हणे. मग वर्षागणिक एकेक दाणा उमटत जातो. बोटांच्या हाडांना टोकाशी फटी असतात, त्या हळूहळू बुजत जातात. ते बघून डॉक्टर सांगतात, हा हात सात वर्षांचा, हा दहाचा. मुलाचं खरं वय आणि हाडाचं वय यांत फार अंतर पडलं की समजायचं, आत काहीतरी बिनसलंय, शोधा. पण हे ज्या पुस्तकाशी ताडून बघायचं, ते पुस्तक कुठल्या तरी जमान्यातल्या भलत्याच मुलांवरून केलेलं. मोठे डॉक्टर म्हणायचे, आपली मुलं आपल्याच मुलांशी ताडली पाहिजेत. म्हणून विभागातल्या प्रत्येकानं आपलं धडधाकट मूल वाढदिवसाच्या आसपास घेऊन यायचं, डाव्या हाताची एक फिल्म काढायची, तिच्यावर वय घालायचं आणि 'निरोगी' असं लिहिलेल्या खणात ठेवून द्यायची. टेक्निशियनची मुलं, नर्सबाईंची, ड्रायव्हरची, सगळ्यांची. त्या दिवशी मुलाला एक फुगा मिळायचा. पुरेशा फिल्म जमल्या की मोठे डॉक्टर बसून त्या सगळ्यांचा अभ्यास करणार होते. ते आधीच गेले. फिल्म खणात पडत राहिल्या, अभ्यास तेवढा राहून गेला.

मिरीचा हात हे स्वतः ठेवायचे. तळवा खाली, बोटं जराशी फाकलेली, अंगठा तिरका. "हलायचं नाही हं, राणी." त्यांनी काढलेली फिल्म इतकी स्वच्छ यायची की मोठे डॉक्टर ती बाकीच्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, असा काढायचा असतो." घरी येऊन हे मला ते छाती फुगवून सांगायचे.

दहाव्या वर्षी मिरीचं डोकं दुखायला लागलं. चष्मा लागला. नंबर बदलला, पुन्हा चष्मा केला. अकरावं सरता सरता सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि बाजूनं आलेला चेंडू तिला दिसेनासा झाला. तेव्हा डोक्याचा स्कॅन झाला. गाठ होती. कॅन्सर नव्हता. हळूहळू वाढणारी साधी गाठ, पण वाढून वाढून नको तिथे पसरलेली. "फार उशीर झाला," सर्जन म्हणाले. ऑपरेशननंतर मिरी शुद्धीवर आलीच नाही.

मी कुणाकुणाला म्हणून शिव्या दिल्या नाहीत! चष्मेवाल्याला, शाळेतल्या बाईंना. देवाला तर रोज. आणि दर वेळी हे माझ्याजवळ येऊन बसायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "अगं, कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच ते." डॉक्टरांमध्ये वावरणारा माणूस, त्याला कळत असणार, असं म्हणून मी गप्प व्हायचे. इतकी वर्षं आम्ही दोघं त्या एका वाक्यावर तग धरून होतो. ते नसतं तर मी अंथरुणातून उठले नसते.

मग गेल्या वर्षी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आली. कॉम्प्युटरला हाडांचं वय ओळखायला शिकवायचं, हे तिचं काम. जुन्या फिल्म कुठे आहेत, कुठली कुणी काढली, हे फक्त आमच्या ह्यांना ठाऊक, त्यामुळे ती दिवसभर "काका, काका" करत ह्यांच्या मागे. आणि ह्यांना त्याचं कोण कौतुक! जेवताना घास बाजूला ठेवून मला समजवायचे.

"हे बघ, त्याला नियम शिकवायचे नाहीत. नुसते हजारो हात दाखवायचे. ते वयाचा अंदाज करतं, चुकतं. किती चुकलं ते त्याला सांगायचं. मग ते स्वतःला जरासं दुरुस्त करतं आणि पुन्हा अंदाज करतं. असं लाखो वेळा."

"म्हणजे नवऱ्यासारखंच," मी म्हटलं. "फक्त ते सुधारतं."

हे खो खो हसले. मिरी गेल्यापासून आमच्या घरात जेवताना कुणी हसलं नव्हतं. हसू ओसरल्यावर खाली बघत म्हणाले, "खणातल्या फिल्मही घेणार आहेत. नावं काढून टाकणार, फक्त वय आणि मुलगा की मुलगी, तेवढं ठेवणार. मिरीचा हात घालू ना त्यात?"

"विचारता काय? घाला!" मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. आनंदानं हो. कुठल्या कुठल्या पोरांचे हात ते मशीन बघणार आणि त्याच्या शहाणपणात चिमूटभर आमच्या मिरीचं असणार. दुसऱ्या दिवशी दुकानात मी एका पोराचं दप्तर फुकट शिवून दिलं. त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली.

हिवाळा सरत आला तसे हे बदलले. आधी बोलणं आटलं. मग एक दिवस घरात पाऊल टाकल्या टाकल्या ओरडायला लागले. आमच्या घरात ओरडणं हे माझं खातं आहे, त्यांचं नाही. "भंगार आहे ते मशीन! पोरखेळ मांडलाय नुसता!" काय झालं विचारलं तर ताट सरकवून उठले. पुढे कानावर आलं की विभागात सगळ्यांदेखत त्यांनी त्या डॉक्टरणीला वाटेल ते सुनावलं. मग रजा टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाढी नाही, धड जेवण नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण ताकास तूर लागू देईनात. "तिची काही चूक नाही. तू जा दुकानात," एवढंच.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं तिथे केस पांढरे केले, त्याला ही कालची पोर काहीतरी टोचून बोलते आणि हा अंथरूण धरतो? मी दुकानाला कुलूप घातलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

तिची खोली म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी जागा होती. दोन स्क्रीन, गार झालेला चहा, भिंतीला टेकवलेले फिल्मचे गठ्ठे. मी दारातूनच सुरुवात केली, "माझ्या माणसाला काय बोललीस गं तू?"

ती दचकून उभी राहिली. "काकू, तुम्ही? बसा ना."

"बसायला नाही आले मी."

"मी काहीच बोलले नाही हो. काकांशिवाय इथे माझं पान हलत नाही. मी रोज फोन करते, ते उचलत नाहीत. माझं काय चुकलं तेच मला कळत नाहीये." बोलता बोलता तिनं बाहीनं डोळे पुसले.

माझी सगळी हवाच गेली. भांडणाऱ्याशी मी दिवसभर भांडेन, रडणाऱ्याशी मला भांडता येत नाही. मी स्टूल ओढून बसले. "बरं, पहिल्यापासून सांग," म्हटलं.

"आमच्या मशीनचं उत्तर बहुतेक ठिकाणी खऱ्या वयापासून चार-सहा महिन्यांच्या आत येतं," ती म्हणाली. "त्या निरोगी खणातल्या मुलांवर तर फारच छान. फक्त एकाच मुलीवर ते सारखं चुकत होतं. तीन वर्षांच्या तीन फिल्म. वय घातलंय नऊ, दहा, अकरा. मशीन म्हणतं सात, साडेसात, पुन्हा साडेसात."

"मग मशीन चुकलं."

"मलाही तेच वाटलं. म्हणून दोन डॉक्टरांना वेगवेगळं बसवून, वय न सांगता त्या फिल्म दाखवल्या. दोघांनीही मशीनचंच उत्तर दिलं. मी काकांना विचारायला गेले. आधी म्हणाले, मशीन भंगार आहे. मग म्हणाले, वय माझ्या हातून चुकलं असेल, सात करून टाक. मी म्हटलं, तिन्ही वर्षं कसं चुकेल? त्यावर ते जे भडकले..."

"दाखव बघू मला," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. मला त्यातलं काय कळणार होतं?

तिनं स्क्रीनवर एक हात आणला. काळ्यावर पांढरा, स्वच्छ, एकही कड पुसट नाही. करंगळीचं शेवटचं पेर आत वळलेलं होतं. माझंही तसंच आहे. माझ्या आईचंही होतं. मी माझा डावा हात हळूच पिशवीखाली घेतला.

"आणि वय चुकलं नसेल तर?" मी विचारलं.

"तर ती मुलगी निरोगी नव्हती. तिची वाढ थांबली होती. थायरॉइड असेल, नाहीतर मेंदूच्या तळाशी जी ग्रंथी वाढ करवते तिथे काहीतरी. असा हात दिसला की आम्ही ताबडतोब तपासण्या लावतो, डोक्याचा स्कॅनसुद्धा करतो."

"मग तेव्हा कुणी बघितलं कसं नाही?"

"कुणी वाचल्याच नाहीत या फिल्म, काकू. आजारी मुलाची असती तर चार डॉक्टरांच्या नजरेखालून गेली असती. ही घरची मुलं, धडधाकट म्हणूनच आणलेली. वाढदिवसाला जेवढं वय, तेवढंच फिल्मवर घालायचं आणि खणात ठेवायचं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसत हसत म्हणतो. मी विचारलं, परक्या पोरीबद्दल विचारावं तसं विचारलं, "समजा डोक्यात गाठ असती. साधी, हळू वाढणारी. तेव्हा सापडली असती तर पोर वाचली असती?"

"नवव्या वर्षी?" तिनं लगेच उत्तर दिलं. "गाठ लहान असताना? हो, बहुतेक मुलं वाचतात. जन्मभर औषधं घ्यावी लागतात, पण शाळेत जातात, मोठी होतात."

ती पुढेही बोलत होती. वय चुकलं असं काका सांगत असतील तर ती या तिन्ही फिल्म काढून टाकणार होती, प्रश्न मिटला. वय खरं असेल तर मात्र हीच फिल्म सर्वांत मोलाची. मशीननं नेमकं हेच पकडायला शिकायला हवं. आणि मग त्या खणातली एकूण एक फिल्म पुन्हा वाचावी लागणार होती. त्यातली कितीतरी मुलं आज शाळेत जात होती, त्यांच्यातलं कुणी असंच सुटलंय का, ते बघावं लागणार होतं.

मी त्या हाताकडे बघत राहिले. तीन वर्षं! तीन वर्षं माझी पोर हात पसरून सांगत होती आणि तिचा बाप म्हणत होता, हलू नकोस, राणी. त्या क्षणी हे समोर असते तर मी त्यांच्या नरडीला हात घातला असता, खोटं कशाला सांगू. आणि आम्ही सगळे वाढदिवसाला हसत होतो. मी एक शब्द बोलले, "चुकलं असेल वय," एवढंच बोलले, तर हे सगळं इथेच पुसलं जाणार होतं. ह्यांना पुन्हा ते वाक्य म्हणता आलं असतं, कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच. ते माणसात आले असते. बरोबर आहे म्हटलं तर ते कायमचं ह्यांच्या माथी बसणार होतं. पण कुणाच्या तरी घरी आज एखादं दप्तर असंच न वाढता चाललेलं असेल तर?

मी पिशवीखालचा हात काढला आणि स्क्रीनशेजारी टेबलावर ठेवला. "वय बरोबर आहे," मी म्हटलं. "तिन्ही. ती माझी मुलगी आहे."

ती माझ्या करंगळीकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काकू, मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. मी काय काय बोलून गेले..."

"तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. "बाकीच्या फिल्म वाच. आजच सुरू कर."

घरापर्यंतच्या रस्त्यावर मी ह्यांना काय काय बोलायचं ते जुळवत गेले. असे शब्द जुळवले की एकेक काळजाला भोक पाडेल. आयुष्यभराची तालीम होती माझी.

हे पलंगावर उठून बसले होते. माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं. "दाखवलं तिनं," ते म्हणाले.

"हो."

"मी बोटं सरळ आहेत का बघायचो," ते म्हणाले. "हात हलला का, कडा स्वच्छ आल्यात का. मनगटाकडे बघितलंच नाही गं. दुसऱ्याचं पोर असतं तर सवयीनं तरी नजर गेली असती. डॉक्टरांना म्हटलं असतं, जरा बघा हो हे."

"वाचायचं काम डॉक्टरांचं असतं. तुमचं नव्हतं."

"नव्हतं. पण डोळे होते ना मला?" ते म्हणाले. "ती विचारायची मला, बाबा, मी कधी वाढणार? मी म्हणायचो, फोटो काढलाय ना, सगळं ठीक आहे. दर वर्षी विचारायची."

माझे जुळवलेले शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. हा माणूस केवढासा दिसत होता. शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात, गालावर पांढरे खुंट. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना कुशीत घ्यावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि दोन्हीही खरं.

"तू विचारलंस का तिला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तेव्हा कळलं असतं तर वाचली असती का, म्हणून."

"विचारलं." मी त्यांच्या शेजारी बसले. "नाही म्हणाली. म्हणाली, अशा गाठी कधीही सापडल्या तरी तेच. उलट तीन वर्षं आधी कळलं असतं तर पोरीची ती तीन वर्षं हॉस्पिटलच्या खाटेवर गेली असती. तेवढी तरी खेळली, म्हणाली. कुणी काही करू शकलं नसतं."

एवढं लांबलचक खोटं मी जन्मात बोलले नव्हते. पण एकदाही अडखळले नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं म्हणाली?"

"असंच म्हणाली. शपथ."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ते हळूच म्हणाले, "मी पण विचारलं होतं तिला. भांडायच्या आधी. परक्या पोरीचं विचारावं तसं."

मी मान वर केली नाही.

"मला हो म्हणाली होती," ते म्हणाले.

माझ्यासारखी तोंडाळ बाई, आणि मी चादरीची सुरकुती हातानं सारखी करत बसले. ती मोडत होती आणि पुन्हा उठत होती. मग ह्यांनी माझं मनगट धरलं.

"पुन्हा एकदा म्हण ना," ते म्हणाले.

"काय म्हणू?"

"तेच. मघाचं. कुणी काही करू शकलं नसतं, ते."

मी पुन्हा म्हटलं.